सिंधूअक्कांचा पेशंट

सिंधूअक्कांच्या मागच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता : "पेशंट आराम करीत आहे. भेटायची वेळ नाही." आमच्या कॉलनीत बातमी पसरली की अक्कांकडे कोणीतरी आजारी पाहुणा आलाय. दोन बायका तर डबा घेऊन आल्या. अक्कांनी डबा ठेवून घेतला, दोघींना चहा पाजला आणि पेशंट काही दाखवला नाही. पेशंट म्हणजे मुंबईहून रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यात आलेलं, तळहाताएवढं, तपकिरी रंगाचं सी अ‍ॅनिमोन होतं. पुस्तकात त्याला सागरकुसुम म्हणतात. दिसतं फुलासारखं, पण आहे प्राणी. त्याला तोंड असतं, दगडाला धरून बसायला पाय असतो, आणि आपण पाकळ्या समजतो ते त्याचे भक्ष्य पकडायचे हात असतात.

हे मी अधिकाराने सांगतोय. धुळ्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. रंगीत खडूने फळ्यावर सागरकुसुमाचा उभा छेद माझ्याइतका सुबक कोणी काढत नसे. पण माझं सागरकुसुम फॉर्मॅलिनच्या बरणीत होतं, पांढरं, आक्रसलेलं, मी नोकरीला लागण्याआधीपासून मेलेलं. जिवंत सागरकुसुम मी पहिल्यांदा पाहिलं ते निवृत्तीनंतर, शेजारच्या नर्सबाईंमुळे. त्याच या सिंधूअक्का, आणि मी त्यांच्यावर जळतो. शिकलेल्या माणसाने असं कबूल करू नये म्हणतात, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

अक्का धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. माणूस एकटा, म्हणजे नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जळगावला नोकरीत. चालताना पायांचा आवाज नाही. नखं कायम कापलेली. माणसं त्यांना नावाने आठवत नसत, आजाराने आठवत. "तो खालचा दमा भाडं देत नाही म्हणे," असं त्या सहज बोलून जात. कॉलनीत एक मुतखडा होता, एक कावीळ होती, एक जुळ्यांची बाळंतीण होती. मला तोंडावर 'सर' म्हणायच्या, पण माझ्या पाठीमागे मी 'रक्तदाब' होतो हे मला हिच्याकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, कळलं.

कोकणात कोणाच्या तरी लग्नाला गेल्या असताना ओहोटीच्या वेळी त्यांनी खडकांत सागरकुसुम पाहिलं आणि परत आल्यावर थेट माझ्याकडे येऊन आपल्या अहिराणीत विचारलं. "सर, तुम्हाले तर बठ्ठं माहीत शे. हाई आठे जगी का?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि पाऊण तास समजावून सांगितलं की जगणार नाही. समुद्र रात्रभराच्या प्रवासावर, इथला उन्हाळा चव्वेचाळीसचा, वीज जाते, आणि नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. अक्कांनी सगळं ऐकलं. मान डोलावली. मग घरी जाऊन एक काचेची टाकी विकत आणली, विकतच्या जारचं पाणी आणि समुद्राचं तयार मीठ घालून वर्षभर नुसतं पाणी सांभाळत बसल्या. मासा नाही, काही नाही, नुसते चार दगड. लोक हसायचे. मीही हसलो, जरा जास्तच. काचेभोवती ओलं गोणपाट, समोर कूलर, फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून तयार. वीज गेली की एक बाटली टाकीत तरंगत सोडायची. एक उन्हाळा असा काढला. दुसऱ्या वर्षी दोन मासे सोडले, ते जगले. तेव्हा मला झोप येईना. मी त्यांच्या टाकीच्या चौपट मोठी टाकी घेतली, निळे दिवे घेतले, पाणी थंड करायचं यंत्र घेतलं. ही म्हणाली, "तुम्हाला मासे आवडतात हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं."

सागरकुसुमं मग आम्ही एकत्रच मागवली. एप्रिल संपत आलेला. दोन पिशव्या, दोन पेशंट. बसस्टँडवर रिक्षात बसताना अक्का म्हणाल्या, "सर, चौदा दिवस येगळं ठेवजा. मोठ्या टाकीत टाकू नका."

मी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे?

अक्का शिंदखेडा तालुक्यातल्या. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार, बैलांचं सगळं त्यांच्याकडे. "पुस्तकमा नही," अक्का म्हणाल्या. "नवा बैल लयना का आमना बाप त्याले लिंबखाले येगळा बांधे. पानीनी बादली भी येगळी. मालक म्हणे, दावणीले बांध, लोक देखतीन. बाप म्हणे, देखू दे चौदा दिन गया का."

मला त्याच संध्याकाळी जुने सहकारी जेवायला यायचे होते. मी मालकाच्या बाजूचा निघालो. सागरकुसुम थेट मोठ्या टाकीत, निळ्या दिव्याखाली, मधोमध. ते काय फुललं त्या दिवशी! शेवभाजी खाता खाता आमचे माजी विभागप्रमुख तीनदा उठून बघून आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही करून दाखवलंत." भिंतीपलीकडे अक्का आपलं सागरकुसुम एका उघड्याबोडक्या छोट्या टाकीत, चिनी मातीच्या वाटीवर बसवून, खोली अंधारी करून गप्प राहिल्या होत्या. पेशंटला बघायचं असतं, दाखवायचं नसतं, असं त्या म्हणायच्या. मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या सागरकुसुमाने पाय सोडला. प्रवासात आलेला रोग असणार. वाहत वाहत ते पंपाच्या तोंडाशी गेलं आणि पंपाने त्याचा चोथा केला. सकाळी उठलो तर टाकी दुधासारखी पांढरी, आणि अकराच्या अकरा मासे वर तरंगत होते.

अक्का आल्या. "मी म्हटलं होतं" असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. त्यांनी साडीचा पदर खोचला, माझ्याबरोबर बादल्या उपसल्या, मेलेले मासे कागदात गुंडाळले. "व्हई जास, सर," एवढंच म्हणाल्या. जाताना हिला सांगितलं, "सरांचं बीपी बघत जा आठ दिवस." मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि मला त्यांचा इतका राग आला की मी दार लावून घेतलं.

त्यांच्याही पेशंटला तोच रोग होता. अंग फुगायचं, मग रिकाम्या पिशवीसारखं पडायचं, तोंड सैल उघडं. पण तो वेगळा ठेवलेला, त्यामुळे जे काही करायचं ते त्याच्यापुरतंच करायचं होतं. अक्कांनी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकची चिठ्ठी आणली. मेडिकलवाल्याने विचारलं, "जनावर कोणतं?" अक्का म्हणाल्या, "समुद्रातलं." त्याने मुकाट्याने गोळ्या दिल्या. अर्धी गोळी कुटून पाण्यात, तीही दिवे मालवल्यावर, कारण उजेडात ते औषध फुकट जातं. आणि दुसऱ्या दिवशी टाकीतलं सगळं पाणी काढून नवं भरायचं, मग पुन्हा औषध. वीस लिटरचा एक जार, रोज. आमच्याकडे लोक भांडी घासलेलं पाणी कुंड्यांना घालतात, आणि अक्का एका फुलाला रोज जारभर पाण्याने अंघोळ घालतात म्हणून कॉलनीत चर्चा झाली. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे सगळ्यांना खीर असायची, तेव्हा एका बाईने तोंडावर ऐकवलं. अक्का तिच्या वाटीत आणखी खीर वाढत म्हणाल्या, "मी तीन दिवसांत एक लुगडं धुतलं नाही. ते पाणी त्याचं."

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काय खुपलं सांगू? त्यांचा केसपेपर. टाकीशेजारी खिळ्याला पुठ्ठा अडकवलेला, त्यावर रेघा आखलेला कागद : वेळ, तापमान, तोंड, पाय, पाणी बदलले, औषध दिले, सही. अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही. मी तीस वर्षं पोरांकडून प्रॅक्टिकलच्या जर्नल्स लिहून घेतल्या, त्यांतली एकही इतकी प्रामाणिक नव्हती. माझी स्वतःची तर नव्हतीच.

औषधाचा पाचवा दिवस चालू असताना एरंडोलहून फोन आला. अक्कांची थोरली बहीण अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. अक्कांना दोन दिवस तरी जाणं भाग होतं. त्या पिशवी भरून माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि किल्ली पुढे केली.

"दोन जार मीठ घालून तयार शेतस. अर्ध्या गोळ्या पुडीत बांधेल शेतस. सर, तुमच्याशिवाय कोणावर सोडू?"

पहिल्या दिवशी मी सगळं केलं. जुनं पाणी नळीने काढलं, नवं हळूहळू सोडलं, दिवे मालवले, औषध घातलं, सही केली. अक्कांना एरंडोलला फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं वाटलं." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मला एखाद्या विद्यार्थ्यासारखा आनंद झालाय, आणि त्याचीच मला चीड आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली उघडली तर ते वाटीवर आडवं पडलेलं. तोंड उघडं, अंग चिपाड. मेलं असं वाटलं, पण मेलं नव्हतं. आणि मी तिथे उभा असताना माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. माझं गेलं तसं यांचंही जाऊ दे, असं अगदी स्पष्ट शब्दांत मनात आलं. मग विभागप्रमुख तीनदा उठून बघायला जाणार नाहीत, मग मी पाऊण तास सांगितलेलं खरं ठरेल. अक्कांच्या खुर्चीत मी थोडा वेळ बसलो. पाणी बदललं नाही. औषध घातलं नाही. उठलो, पेन घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं : पाणी बदलले, औषध दिले. तोंड या रकान्यात लिहिलं : मिटलेले. खाली सही केली आणि कुलूप लावून घरी जेवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का एसटीने आल्या. मला हाक मारली. मी गेलो तेव्हा त्या टाकीसमोर नव्हत्या. खोलीच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. तिथे दुसरा जार गळ्यापर्यंत भरलेला होता.

पंचवीसेक पोरांच्या खोट्या जर्नल्स मी दरवर्षी पकडायचो. खोटं कसं लिहितात हे मला चांगलं ठाऊक. एवढं खोटं लिहिलं होतं तर तो जार मोरीत ओतून द्यायचा की नाही? आदल्या संध्याकाळी तो माझ्या लक्षात आला नव्हता असंही नाही. मी त्याला हातही लावला होता. पण खारं झालेलं, कशाच्याही उपयोगाचं न राहिलेलं ते पाणी नुसतं ओतून द्यायला माझा हात धजला नाही. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात जन्म गेलाय. खोटं बोलायला मला लाज वाटली नाही, भरलेला जार ओतायला वाटली.

अक्कांनी खिळ्यावरचा पुठ्ठा काढला. मला वाटलं, आता फेकून मारतील. त्यांनी लाल पेन घेतलं आणि माझ्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली, खालचं अक्षर वाचता येईल अशी.

"खोडायचं नसतं, सर. पान फाडायचं नसतं. चुकलेलं दिसलं पाहिजे, दुसऱ्या पाळीच्या बाईला कळलं पाहिजे." मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "खरं काय ते बाजूला लिहा. आणि सही करा."

मी लिहिलं : पाणी बदलले नाही. औषध दिले नाही. तोंड उघडे. सही केली. माझी सही इतकी वाकडी पेन्शनच्या कागदावरही कधी आली नव्हती.

"का केलं?" असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आते जार उचला. आज पुन्हा पहिला दिवस."

औषध मधेच तुटलं की सातही दिवस पहिल्यापासून. त्या सात दिवसांत त्यांनी मला रोज बोलावलं, आणि पाण्याला हात मलाच लावायला लावला. स्वतः मागे खुर्चीत बसायच्या. "तोंड?" त्या विचारायच्या. मी म्हणायचो, उघडं. "पाय?" सुटलेला. त्या लिहायच्या. माझी परीक्षा चाललीय असं मला वाटायचं, आणि मी मनातल्या मनात धुमसायचो. या बाईला माझी चूक माफही करता आली आणि मला कामालाही लावता आलं. एवढं मोठं मन घेऊन कोणाच्या शेजारी राहू नये.

चौथ्या दिवशी त्याने वाटीला पाय धरला. पाचव्या दिवशी तोंड अर्धं मिटलं. सातव्या दिवशी मी हात घातला तर त्याचे हात माझ्या बोटाला चिकटले. जिवंत सागरकुसुम बोटाला कसं चिकटतं हे मी तीस वर्षं शिकवलं होतं, पण चिकटल्यावर मी चक्क ओरडलो. अक्का हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर आणखी काही दिवस वेगळं ठेवून ते त्यांच्या मोठ्या टाकीत गेलं आणि थाळीएवढं झालं. आता लोक यायचे. माझे विभागप्रमुखही येऊन गेले, आणि माझ्यादेखत अक्कांना म्हणाले, "बाई, तुम्ही करून दाखवलंत." मी बाजूला चहाचे कप गोळा करत होतो. अक्का म्हणाल्या, "सरांनी केलं, मी लिहिलं." हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला त्याचाही हेवा वाटला. मला कोणाबद्दल असं म्हणता आलं नसतं.

पुढच्या वर्षी त्या जळगावला मुलाकडे जायला निघाल्या. डोळ्यांचं ऑपरेशन होतं. टाकी कोणाकडे ठेवणार याची कॉलनीत चर्चा. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय नेटके, रोज अक्कांना पेपर वाचून दाखवायचे. किल्ली त्यांनाच मिळणार असं मी धरून चाललो होतो, आणि आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोललो नाही.

अक्का माझ्या दारात आल्या. पुन्हा तीच पिशवी, तीच किल्ली.

"अक्का, माझ्याकडे?" मी म्हणालो. "माझ्या नावावर लाल रेघ आहे."

"म्हनीसनच," त्या म्हणाल्या. "त्या खालच्यांनी अजून एकदा भी चूक लिहून सही करेल नही. त्यांचं काय माहीत माले?"

बसस्टँडवर मी पिशवी घेऊन गेलो. एसटीत चढताना त्या पहिल्या पायरीवर थांबल्या आणि पाय पुढे करून दुसरी पायरी चाचपली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या सात दिवसांत अक्का माझी परीक्षा घेत नव्हत्या. त्यांना तोंड मिटलंय की उघडं, हे तेव्हाच धड दिसेनासं झालं होतं.

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. हे त्यांना माझ्या कितीतरी आधी माहीत असणार. ऑपरेशननंतर उरलीसुरली काही दिवस टिकली, मग तीही गेली. त्या जळगावलाच राहिल्या. रोज संध्याकाळी त्यांचा मुलगा मला व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या हातात देतो. त्यांना व्हिडिओचा उपयोग नाही, म्हणून त्या फोन कानाला लावतात. मला पडद्यावर दिसतो तो त्यांचा कान, कानातली जुनी कुडी आणि थोडे पांढरे केस.

"तोंड?"

"मिटलेलं."

"पाय?"

"धरलेला."

"बरं."

एवढंच बोलणं. त्या कधी "नक्की ना?" असं विचारत नाहीत. मी सांगेन ते त्या मान्य करतात, आणि तिकडे वहीत सुनेकडून लिहून घेतात. माझ्या हातात आता एक संपूर्ण माणूस फसवायची सोय आहे, आणि मला फसवणारा म्हणून ओळखणारं तेच एक माणूस आहे.

गेल्या आठवड्यात तोंड जरासं सैल दिसलं. फार नाही, बाकी कोणाच्या लक्षात आलं नसतं. फोन वाजला. पडद्यावर कान आला. मिटलेलं, हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. रोजचाच शब्द, बोललो असतो तर त्या शांत झोपल्या असत्या.

"तोंड?" अक्कांनी विचारलं.

"उघडं आहे, अक्का. थोडं."

कान हलला नाही. 

"मंग बसले कसाले, सर?" त्या म्हणाल्या. "जार भरा."